स्पॅनिशमधलं सर्वनाम: 'नेहमी शेवटीच जोडा' हा नियम अर्धाच आहे

स्पॅनिश शिकणाऱ्यांमध्ये एक नियम फिरतोय: मूळ क्रियापद (म्हणजे 'बघणे'सारखं न चालवलेलं रूप) आलं की 'त्याला', 'मला' ही कर्म-सर्वनामं त्याच्या शेपटालाच चिकटवायची, आधी लिहिली तर चूक. हे बरोबर नाही.

'मला ते बघायचंय' हे 'क्येरो बेर्लो' असं म्हणता येतं, आणि 'लो क्येरो बेर' असंही ('क्येरो' म्हणजे 'मला हवंय', 'बेर' म्हणजे 'बघणे', 'लो' म्हणजे 'ते'). दोन्ही शुद्ध, अर्थ एकच. बोलताना तर दुसरं रूप सर्रास ऐकू येतं. चूक होते ती सर्वनाम मधेच सुटं ठेवल्यावर: 'क्येरो लो बेर' असं कुणी म्हणत नाही.

मात्र ही मोकळीक 'क्येरो'सारखं, कर्त्याप्रमाणे चालवलेलं क्रियापद मूळ क्रियापदाच्या आधी असेल तेव्हाची, आणि तीही सगळ्याच क्रियापदांना नाही. 'पारा बेर्लो', म्हणजे 'ते बघण्यासाठी', इथे सर्वनाम जोडावंच लागतं. 'आय के आसेर्लो', म्हणजे 'ते करायलाच हवं', इथेही तसंच. फिरणारा नियम बहुधा अशाच वाक्यांवरून उचललेला असावा.

दोन सर्वनामं असली तर त्यांची जोडी फोडायची नाही. 'तो मला ते देणार आहे' याचं 'मे लो बा आ दार' किंवा 'बा आ दार्मेलो' होतं. 'मे बा आ दार्लो' नाही. आणि 'दार्मेलो' लिहिताना 'दा'मधल्या स्वरावर तिरकी रेघ हवीच, कारण शब्द लांबला तरी आघात तिथेच राहतो. एकटं 'दार्लो' लिहिताना ती लागत नाही.

तेव्हा वहीत 'लो क्येरो बेर' लिहिलं असेल तर ते खोडू नका.