कॉमन तुटला की गायक गायब होतो: पक्याच्या हेडफोनवरून कट्ट्यावर झालेलं भांडण

शनिवारी रात्री साडेनऊला ठाण्यात तलावपाळीच्या कट्ट्यावर आमचा डीजे पक्या आला तोच तोंड एवढंसं करून, गळ्यात हेडफोन. रविवारी काल्हेरला हळद, संध्याकाळी सहाला सेटअप लावायचा आणि नेमका हेडफोन गेला. गेला म्हणजे काय झालं ते त्याला नीट सांगता पण येईना. "दोन्ही बाजू वाजतायत रे, पण गाणारा ऐकूच येत नाय, मागचं सगळं येतंय, विहिरीतून आल्यासारखं. आणि किक, म्हणजे तो मोठ्या ड्रमचा ढप आवाज, तर गायबच."

सच्याने निकाल देऊन टाकला, ड्रायव्हर (कानातले छोटे स्पीकर) उडाले, फेकून दे. सच्याचा गावदेवीला मोबाईल ॲक्सेसरीजचा गाळा आहे, दिवसाला वीस इअरफोन त्याच्या हातातून जातात, त्यामुळे त्याचं म्हणणं एकदम उडवून लावता येत नाही. मी म्हटलं वायर तुटलीय. त्यावर तो म्हणाला, "अरे वायर तुटली असती तर एक बाजू बंद पडली असती ना! दोन्ही वाजतायत मग वायर कुठून तुटली?" आणि इथूनच जे भांडण सुरू झालं ते साडेअकरापर्यंत.

खरं सांगायचं तर सच्यासारखंच नव्वद टक्के लोकांना वाटतं, आणि त्यापायी चांगले हेडफोन भंगारात जातात. म्हणून सगळं लिहून काढतोय.

नाना बाजूला शेंगा खात बसले होते. नानांचं नौपाड्यात पूर्वी रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं, आता रिटायर आहेत पण हात शांत बसत नाही. ते म्हणाले, "पक्या, एखादं जुनं मोनो, म्हणजे दोन्ही कानांत एकच आवाज असलेलं रेकॉर्डिंग लाव बघू. साठ सालच्या आसपासचं कुठलंही भावगीत चालेल." सच्याच्या जुन्या फोनला अजून साडेतीन एमएमचं भोक आहे, त्यात पिन घातली, गाणं लावलं, आवाज फुल केला आणि हेडफोन सच्याच्या कानावर चढवला. सच्या म्हणतो, "लागलंच नाय." स्क्रीनवर गाणं सरकतंय आणि कानात जवळजवळ काहीच नाही. मग नानांनी पिनच्या मागची वायर दोन बोटांत धरून जरा वाकवली आणि सच्या दचकलाच, कारण बाई एकदम फुल आवाजात कानात गायला लागली. बोट सोडलं, बाई गायब. परत दाबलं, आली. सच्याने स्वतः चार-पाच वेळा दाबून बघितलं तेव्हा कुठे गप्प झाला.

हे का होतं ते नानांनी शेंगांच्या कागदावर पेनाने काढून दाखवलं. पिनवर तीन भाग असतात. टोकाला टीप म्हणजे डावा कान, मधली रिंग म्हणजे उजवा आणि मागची लांब स्लीव्ह म्हणजे कॉमन, दोन्ही कानांचा परतीचा रस्ता. डाव्याची किंवा उजव्याची वायर तुटली तर ती बाजू मरते, ते कोणालाही कळतं. पण कॉमन तुटला की दोन्ही ड्रायव्हर एकामागे एक जोडल्यासारखे होतात, करंट डावीकडून शिरतो आणि दोन्ही ड्रायव्हरमधून फिरून उजवीकडून बाहेर पडतो. म्हणजे दोघांना मिळतो फक्त डाव्या-उजव्यातला फरक. आता गाण्यात जे बरोब्बर मधोमध ठेवलेलं असतं, गायक, किक, बेस, ते दोन्हीकडे सारखंच असतं, मग फरक शून्य, ते कटून जातं. उरतं काय, बाजूबाजूला पसरलेलं सगळं, कोरस, व्हायोलिन, घुमारा. मोनो रेकॉर्डिंगमध्ये तर सगळंच मधोमध, त्यामुळे शांतता. डीजेच्या दृष्टीने याच्याइतका वाईट फॉल्ट नाही, कारण ज्या किकवर तो दोन गाणी जुळवतो तीच कानातून जाते.

सच्या म्हणाला बरं, मानलं वायर, पण उद्यावर हळद आहे, आता दुरुस्तीच्या भानगडीत कुठे पडता, ब्लूटूथवाला घे आणि मोकळा हो. यावर मात्र पक्याच उखडला. १२८ बीपीएमचं, म्हणजे मिनिटाला १२८ बीटचं गाणं धर, एक बीट म्हणजे जेमतेम ४६९ मिलिसेकंद, आणि साध्या ब्लूटूथला शंभर-दोनशे मिलिसेकंद उशीर सहज होतो, म्हणजे स्पीकरमध्ये किक वाजून गेल्यावर जवळजवळ पाव ते अर्ध्या बीटने ती माझ्या कानात येणार, मी जुळवू काय? सच्या म्हणे गेमिंग मोडवाले येतात, त्यात उशीर कमी असतो. कमी असतो हे खरंच आहे, पण दोन किक चाळीस मिलिसेकंदांनी जरी मागे-पुढे झाल्या तरी ढप-ढप असा डबल आवाज येतो, तो कानाला लगेच कळतो. म्हणून तर अजूनही डीजेच्या मिक्सरवर बहुतेक वायरवाले हेडफोनच असतात.

मग निघालं जुनं प्रकरण. नवरात्रात हाच हेडफोन असाच तडतडायला लागला होता, तेव्हा पक्याने तो स्टेशनजवळ एकाकडे दिला होता. त्याने वायर पिनच्या जवळ सोलून नुसत्या पिळल्या, वर काळी टेप गुंडाळली आणि दोनशे रुपये घेतले. नानांनी ती टेप सोलली आणि त्यांचा चेहरा उतरला. "अरे ह्या वायरला वार्निश असतं, पिळून ती कधी जोडली जात नाही." राग पैशांचा नव्हता, काम असं केलं याचा होता, आणि मलाही तसाच राग आला. वागळे इस्टेटमध्ये मी पाच वर्षं बोर्ड सोल्डर केलेत, अर्धवट सांधा काय असतो ते मला माहितीय, तो आज वाजतो आणि उद्या ऐन वेळी दगा देतो.

शेवटी उठून नानांच्या गॅलरीतच गेलो सगळे. मल्टीमीटर काढला. बऱ्याच लोकांची इथे चूक होते, ते मीटर बीपवर ठेवतात. पण ड्रायव्हरचाच रेझिस्टन्स तीस-पस्तीस ओहम असला तर काही मीटर बीप देतात काही देत नाहीत, उगाच गोंधळ. दोनशे ओहमच्या रेंजवर ठेवायचा आणि आकडा बघायचा. टीप ते स्लीव्ह, काही नाही. रिंग ते स्लीव्ह, काही नाही. टीप ते रिंग, ६७. झालं, दोन्ही ड्रायव्हर जिवंत, दोघांची बेरीज दिसतेय, मेलाय तो फक्त कॉमन. मग टीप आणि स्लीव्हला क्लिपा लावून पिनेपासून इंचाइंचाने वायर वाकवत गेलो. पिनेच्या पहिल्या दोन इंचांत आकडा ३४ दिसायचा, जायचा, परत दिसायचा, पुढे कुठेही वाकवली तरी फरक नाही. आधी कपाच्या बाजूलाही असं करून बघावं, कारण वायर तिथेही तुटते, आणि मग पिन कापून बसलात तर फुकट गेलं. आणि त्याच्याही आधी दुसरा हेडफोन लावून मिक्सरचं सॉकेट तर ढिलं नाही ना ते बघावं, त्याला पाच सेकंद लागतात.

तीन इंच कापून टाकली. वायरचं वरचं रबर सोललं की आत केसासारख्या तारा दिसतात, एक जुडगा लाल, एक हिरवा, एक नुसता तांब्याच्या रंगाचा, आणि त्यात नायलॉनचा धागा ओवलेला. तो लाल-हिरवा रंग म्हणजेच वार्निश. पक्या लायटर काढत होता, नानांनी त्याचा हातच धरला. लायटरने वार्निश जळतं खरं, पण तांबं काळं पडतं आणि ठिसूळ होतं, मग ते तिथेच तुटतं. सोल्डरिंगची पेस्ट लावायची, सोल्डरिंग आयर्नच्या टोकावर सोल्डरचा चांगला टपोरा थेंब घ्यायचा आणि तारेचं टोक त्यात बुडवून धरायचं. तीन-चार सेकंद काहीच होत नाही, मग बारीक धूर येतो, वार्निश सुटतं आणि सोल्डर एकदम तारेवर चढतं, टोक चांदीसारखं चकाकतं. ते चकाकलं नाही तर पुढे जायचंच नाही. धूर नाकात घेऊ नका, आणि ६०-४० सोल्डरमध्ये शिसं असतं तेव्हा हात धुतल्याशिवाय वडापावला हात लावू नका, हे मी पक्याला दोनदा सांगितलं.

पिन नानांच्या डब्यात होती, लोखंडी टोपीची. जोडायच्या आधी टोपी वायरमध्ये ओवायची, हीट श्रिंकची, म्हणजे तापवली की आवळते ती नळी ओवायची. सांधे झाल्यावर टोपी टेबलावरच राहिली असं भल्याभल्यांचं होतं, मग परत सगळं उघडा. लाल रिंगला, हिरवा टीपला, तांब्याचा स्लीव्हला. रंग प्रत्येक कंपनीचे सारखे नसतात, तेव्हा मीटर लावून खात्री करायची.

इथे माझं आणि नानांचं जुंपलं. मला एल टाईप, म्हणजे काटकोनात वळलेली पिन हवी होती, नानांकडे होती सरळ. माझं म्हणणं, पक्याच्या मिक्सरचं हेडफोनचं भोक पुढच्या बाजूला आहे, त्यात ६.३५ एमएमचा ॲडॅप्टर आणि त्याच्यापुढे ही पिन, म्हणजे तीन-चार इंचाचा दांडा बाहेर आलेला, येता-जाता पोट लागतं, हात लागतो, वायर तिथेच मोडणार. नाना म्हणाले, एल पिनमध्ये आत जागा कमी, नवशिक्याचा सांधा शेजारच्याला टेकतो, आणि वायरचा पट्टा नीट आवळला तर सरळ पिनच टिकते. पट्ट्याचं मात्र त्यांचं शंभर टक्के बरोबर होतं आणि यावर मी कधीही वाद घालणार नाही. पिनच्या मागे जे दोन पत्र्याचे पंजे असतात त्यांनी वायरचं वरचं रबर पकडायला हवं, आतल्या तारा नाही. तो नायलॉनचा धागा पण कापून टाकायचा नाही, पंजाला गुंडाळून गाठ मारायची, म्हणजे हिसका धाग्यावर येतो, सांध्यावर येत नाही. सोल्डर हा वीज न्यायला असतो, ओढ झेलायला नसतो. स्टेशनवाल्याने नवी पिन लावली असती आणि हे पंजे तसेच मोकळे सोडले असते तरी दोन महिन्यांत पक्या इथेच असता.

पक्या मधेच म्हणाला, कपाला भोक पाडून सॉकेटच बसवून टाकू, वायर सुटी, तुटली की बदलली. सेनहायझरच्या एचडी २५ चं उदाहरण दिलं त्याने, तो १९८८ पासून चालतोय, वायर दोन्ही कपांत वेगवेगळी खोचलेली, प्रत्येक पार्ट बदलता येतो. कल्पना चांगली आहे आणि कोणाचा पाय वायरवर पडला तर सॉकेटातून निघून येते, तुटत नाही हा फायदाही आहे. पण तो हेडफोन मुळातच तसा बनवलाय. आपण घरी बसवलेलं साधं साडेतीनचं सॉकेट म्हणजे ढिलं व्हायला आणखी एक जागा, आणि पक्या हेडफोन खांद्यात दाबून मान वाकडी करून ऐकतो, कपाजवळ सगळा पीळ येतो. लॉकवालं मिनी एक्सएलआर सॉकेट बसवायचं तर कपात जागा नाही. उद्याच्या हळदीसाठी तर नाहीच नाही.

बारा वाजता नळी तापवून आवळली, टोपी फिरवली, मीटर लावला. ३४, ३३, ६७. वायर सगळीकडून वाकवली, आकडा हलला नाही. तेच भावगीत लावलं, बाई मधोमध उभी. पक्याने वायर नेहमीसारखी हाताभोवती करकचून गुंडाळायला घेतली तेव्हा नानांनी ती काढून घेतली, मोठे सैल वेढे घातले आणि म्हणाले, "आणि बॅगेत टाकताना तो ॲडॅप्टर काढत जा."

सच्या इतका वेळ एका कोपऱ्यात बसून कापलेला तीन इंचाचा तुकडा ब्लेडने उभा चिरत होता. रबर उघडलं तर लाल जुडगा शाबूत, हिरवा शाबूत, आणि कॉमनच्या तारा एकाच जागी सगळ्या तुटलेल्या, टोकं काळपट हिरवी पडलेली, नुसता धागा तेवढा धरून होता. त्याने तो तुकडा मोबाईलच्या टॉर्चखाली फिरवून फिरवून बघितला आणि मग मला विचारलं, "एल टाईप पिना लॅमिंग्टन रोडला घाऊक मिळतील ना रे? गाळ्यावर ठेवतो थोड्या. आणि एक मीटर पण बघ माझ्यासाठी."