शिंदे, होळकर आणि १८०३

दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धाचा विषय निघाला की सगळं खापर दुसऱ्या बाजीरावाच्या डोक्यावर फुटतं. तो दोषी आहेच. पण दौलतराव शिंदे आणि यशवंतराव होळकर यांना आपण फार स्वस्तात सोडतो. १८०३ मध्ये दोघेही ऐन पंचविशीच्या आसपासचे, दोघांकडे नामी फौजा, आणि दोघांची नजर फक्त एकमेकांवर.

वैराला कारणं होती. सप्टेंबर १७९७ मध्ये पुण्यात शिंद्यांच्या फौजेने यशवंतरावांचे भाऊ मल्हारराव यांना ठार केलं. १८०१ मध्ये बाजीरावाने त्यांचे दुसरे भाऊ विठोजी होळकर यांना हत्तीच्या पायी दिलं. त्याच वर्षी यशवंतरावांनी उज्जैनला शिंद्यांच्या पलटणी कापल्या आणि दौलतरावांचे सासरे सर्जेराव घाटगे यांनी होळकरांचं इंदूर लुटून उट्टं काढलं. २५ ऑक्टोबर १८०२ ला हडपसरला शिंदे-पेशव्यांच्या फौजेवर यशवंतराव जिंकले. बाजीराव पळाला आणि ३१ डिसेंबरला वसईत इंग्रजांची तैनाती फौज मान्य करून मोकळा झाला.

निदान आता तरी दोघांनी एक व्हायचं! पण दौलतरावांना महादजींनी उभारलेल्या कवायती कंपूंची, म्हणजे युरोपीय पद्धतीने शिकवलेल्या पलटणींची घमेंड. त्या कंपूंचे वरचे अधिकारी पगारी युरोपीय होते, आणि युद्ध पेटताच इंग्रजांनी त्यांना फोडायला सुरुवात केली. उत्तरेतला सेनापती पेराँ तर सप्टेंबर १८०३ मध्येच इंग्रजांच्या आश्रयाला गेला.

२३ सप्टेंबरला असईजवळ शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांची फौज केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात होती. वाटाड्यांनी इंग्रज सेनापती वेलस्लीला सांगितलं, पुढे नदीला उतार नाही. त्याला मात्र समोरासमोरच्या तीरांवर पिंपळगाव आणि वरूड ही दोन गावं दिसली. दोन्हींत येणं-जाणं असणारच, म्हणजे उतारही असणार. उतार खरंच होता, आणि तोही पहाऱ्याविना मोकळा. आपले गोलंदाज तोफांपाशी कापले जाईपर्यंत लढले. इंग्रजांचे सुमारे १६०० मेले किंवा जखमी झाले. दौलतराव आणि रघूजी भोसले मात्र मैदान सोडून गेले होते. त्या गोलंदाजांसाठी आजही जीव तुटतो.

यशवंतराव या युद्धात उतरलेच नाहीत. शिंदे खचले तर आपलं फावेल, हा हिशेब. ३० डिसेंबरला सुर्जी-अंजनगावच्या तहाने शिंद्यांच्या हातून दिल्ली, आग्रा आणि गंगा-यमुनेचा दुआब गेला, आणि मग १८०४ मध्ये यशवंतराव एकटे लढायला उभे राहिले. इंग्रज सेनानी मॉन्सनला मुकुंदऱ्याच्या खिंडीपासून आग्र्यापर्यंत पिटाळलं, ते शौर्य निर्विवाद. पण नोव्हेंबरात डीग आणि फर्रुखाबाद, चार दिवसांत दोन तडाखे. १८०५ मध्ये सबळगडला दोघे अखेर एकत्र आले खरे, पण नोव्हेंबरात दौलतरावांनी इंग्रजांशी वेगळा तह उरकला. महिनाभरात, २४ डिसेंबरला, राजघाटला यशवंतरावांनाही तह करावा लागला.