लेण्यात धूर सोडणाऱ्यांनो, आणि कुलूप लावा म्हणणाऱ्यांनो

दुपारी जेवायला बसलो आणि भाच्यानं मोबाईल समोर धरला. "मामा, बघा, आपल्याकडचंच हाय." अजिंठ्याच्या डोंगररांगेतलं एक लेणं. आत चार-पाच पोरं, हातात रंगीत धुराच्या नळकांड्या, वर डीजेचं गाणं. धूर छताला भिडला आणि वटवाघळांचा अख्खा थवा भर उन्हात बाहेर पडला. पोरं खिदळतायत. खाली लाईकचा पाऊस. घास घशाखाली उतरेना.

अरे, कुणाच्या घरात शिरलात तुम्ही? वटवाघळाची मादी बहुधा एका वेळी एकच पिल्लू देते, आणि ते लहान असेपर्यंत आईच्या पोटाला चिकटून असतं. अशा पळापळीत ते सुटून खाली पडतं. रात्रभर शिवारातले किडे-पतंग खाणारा जीव आहे तो. तुमचं काय बिघडवलं त्यानं?

कॉलेजात असताना आम्ही जंजाळ्याला घटोत्कच लेणं बघायला गेलो होतो. गावातल्या एका गुराखी बाबांनी वाट दाखवली. तोंडाशी आल्यावर त्यांनी आमच्या बॅटऱ्या बंद करायला लावल्या. "काहून घाई करता? डोळे बसू द्या. आतल्यायलाबी कळू द्या, कोण आलंय ते." आम्ही गप्प उभे. ओला दगड आणि लेंड्यांचा उग्र वास. मग एक खांब दिसला, त्याच्या मागं दुसरा, मग रांगच. पार मागं गाभाऱ्यात आधी बुद्धाचे गुडघे, मग हात, सगळ्यात शेवटी चेहरा.

तिथं वराहदेवाचा शिलालेख आहे. हरिषेण या वाकाटक राजाचा मंत्री, पाचव्या शतकातला. अजिंठ्याचं १६ नंबरचं लेणंही त्याच्याच दानातलं. हे सगळं मी नंतर वाचलं. पण बाबांनी त्या दिवशी थांबवलं नसतं, तर मी ते कधी शोधायलाच गेलो नसतो.

आता दुसरे. त्याच व्हिडिओखाली आपल्यातलेच शहाणे लिहितायत, "सगळ्या लेण्यांना जाळ्या ठोका, पोरांना बंदी करा." इथं तर माझं डोकं जास्तच फिरलं. सहलीची बस वेरूळला जाते, लेकरं रांगेत मोजली जातात, कैलासासमोर फोटो, चला परत. झालं लेणं बघून! लातूरच्या किती लेकरांनी खरोशाचं लेणं बघितलंय? अंबाजोगाईचं हत्तीखाना लेणं, धाराशिवची लेणी, कन्नडकडचं पितळखोरा, सगळं हाकेच्या अंतरावर, आणि आपण लेकरांना अंधाराची भीती घालतो. तिकडं मेघालयात चुनखडकातल्या गुहा बघायला परदेशातून माणसं येतात. क्रेम लियाट प्राह ही एकच गुहा ३० किलोमीटरच्या वर मोजलेली आहे. चुनखडक पाण्यानं विरघळतो. आपला काळा पाषाण तसा विरघळत नाही. लेण्यातला अंधार माणसानं छिन्नीनं कोरून काढलाय, हातभर हातभर. तो लेकरांना आत जाऊन बघू द्यायचा नाही?

धोका आहे, मान्य. पितळखोऱ्यात कितीतरी भाग ढासळलाय, पावसाळ्यात ओढा फुगतो, पायऱ्या निसरड्या होतात. मग पावसाळ्यात जाऊ नका. एकट्यानं जाऊ नका. एक बॅटरी हातात, एक पिशवीत ठेवा, घरी सांगून जा. हे शिकवायला कितीसा वेळ लागतो? त्या बाबांनी दोन वाक्यांत शिकवलं.

आणि ते नावं खरडणारे! १८१९ साली जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं अजिंठ्याच्या १० नंबरच्या लेण्यात चित्रावर आपलं नाव कोरलं, आणि आपण ते पाहुण्यांना कौतुकानं दाखवतो. मला त्याचा संतापच येतो. पितळखोऱ्याच्या यक्षाच्या हातावरही नाव आहे, कान्हदास सोनाराचं. तो यक्ष त्यानं घडवला होता, आज तो दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. नाव घालायचा हक्क त्याचा. बदाम काढून दोन अक्षरं खरडणाऱ्यानं तिथं काय घडवलंय? संरक्षित स्मारकाची नासधूस केली तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि लाखापर्यंत दंड होऊ शकतो. तो कायदा एकदा तरी लागू झालेला बघायचाय मला.

लिहिता लिहिता राग थोडा निवला. व्हिडिओतली पोरं विशीतलीही नसतील. त्यांना दारात अडवून "डोळे बसू द्या" म्हणणारं कुणी भेटलंच नाही, हे खरं दुखणं. तो व्हिडिओ पुढं पाठवू नका, त्यांना शिव्याही देऊ नका. ओळखत असाल तर त्या पोरांना माझ्याकडं पाठवा.

दिवाळीच्या सुट्टीत मी जंजाळ्याला जातोय. ज्याला आपली लेकरं पाठवायचीत त्यानं खाली लिहा. सकाळी लवकर सिल्लोडहून निघू. पाणी, भाकरी, बूट, दोन बॅटऱ्या. स्पीकर घरी ठेवून या. आणि आत गेल्यावर पहिली दहा मिनिटं कुणी मोबाईल काढणार नाही, हे घरूनच कबूल करून यायचं.