"काही सापडलं का?"

अमेरिकेतल्या अर्कान्सा राज्यातून परत आलो की नाशिकहून बहिणीचा फोन येतो आणि तिचा पहिला प्रश्न हाच असतो. आठ वर्षं झाली, हिरा सापडलेला नाही. तरी पावसाळी वातावरण दिसलं की आम्ही दोघं नवरा-बायको डॅलसहून साडेतीन-चार तास गाडी चालवत मर्फ्रीजबरोला जातो.

तिथे 'क्रेटर ऑफ डायमंड्स' नावाचं स्टेट पार्क आहे. पार्क कसलं, हिरे शोधायची जागा म्हणजे सुमारे ३७ एकरांचं नांगरलेलं शेतच आहे. तिकीट काढायचं, हाताने खणायचं, मिळेल ते आपलं. १९०६ मध्ये जॉन हडलस्टन या शेतकऱ्याला आपल्याच जमिनीत इथले पहिले हिरे दिसले. १९२४ मध्ये ४०.२३ कॅरटचा 'अंकल सॅम' निघाला. अमेरिकेत त्याहून मोठा हिरा अजून सापडलेला नाही. १९७२ मध्ये पार्क झाल्यापासून येणाऱ्या-जाणाऱ्यांनी ३५ हजारांहून जास्त हिरे नेलेत, तरी रोजची सरासरी एक-दोनच.

हे वेड मूळचं माझं. मी सिन्नरकडची. काकांच्या विहिरीला सुरुंग लावले की काळ्या दगडाच्या पोकळ्यांतून पांढरे, गुलाबीसर स्फटिक निघायचे. आम्ही पोरं सरसकट सगळ्यांना गारगोट्या म्हणायचो. त्यांतल्या पुष्कळशांना स्टिलबाइट म्हणतात, हे कॉलेजात कळलं. २००१ मध्ये सिन्नरला 'गारगोटी' संग्रहालय सुरू झालं तेव्हा मला घरातल्याच कुणाचा सत्कार झाल्यासारखं वाटलं होतं.

नवरा गिरगावातला, हिशेबाच्या कामातला. दगडाशी त्याचा काही संबंध नाही. पहिल्या खेपेला मी दिवसभर त्याला शिकवत होते. सुमारे १० कोटी वर्षांपूर्वीचा ज्वालामुखी, हिरे वर घेऊन येणारा लॅम्प्रोइट खडक, हिऱ्याला चिखल का चिकटत नाही, सगळं. तो ऐकत होता, पण दुपारनंतर गप्प झाला. चूक माझी होती. आपली आवड जोडीदाराला द्यायची म्हणजे त्याला आपला विद्यार्थी करायचं नसतं, हे मला तेव्हा कळलेलं नव्हतं.

दुसऱ्या खेपेला त्याने चाळण हातात घेतली. जाड आणि बारीक अशा दोन चाळण्या एकावर एक ठेवून माती हौदात धुवायची. मग बारीक चाळण पाण्यात अशी हलवायची की जड खडे मधोमध तळाला बसतात. हिरा पाण्याच्या साडेतीनपट जड, साधी गार २.६५ पट. मग चाळण एका झटक्यात टेबलावर पालथी घातली की तळाचं वर येतं, आणि नजर तिथेच लावायची. माझी चाळण दर वेळी विस्कटायची, त्याची पहिल्याच दिवशी जमली. म्हणाला, "अगं, हे तर रोळणं आहे. आजी तांदूळ असेच रोळायची." आजी खडे टाकून तांदूळ ठेवायची, इथे खडेच ठेवायचे. मनगट तेच. त्या दिवसापासून हौद त्याचा आणि शेत माझं. पाऊस पडून गेल्यावर धुतलेल्या मातीवर चमक शोधत मी वाकून फिरते, तो रोळत बसतो.

"तुझा छंद तुझा, माझा माझा, एकमेकांना मोकळीक द्यावी," असं आमच्या ओळखीतली बरीच जोडपी म्हणतात. मोकळीक हवीच. पण सगळेच छंद असे वाटून घेतले तर शनिवार-रविवारी दोन माणसं एका घरात फक्त जेवायला भेटतात. एखादा तरी चिखल दोघांचा असावा, असं मला मनापासून वाटतं.

आणि तो खरा असावा. दुसऱ्याच एका ठिकाणी आम्ही मातीची बादली विकत घेतली होती, खडे मिळण्याची हमी असलेली. धुतली तर अॅमेथिस्टचे सुरेख तुकडे निघाले, त्या परिसरात जमिनीतून कधीच न निघणारे. लहान मुलांना त्यात आनंद मिळतो, मिळू दे. आम्ही मात्र परतीच्या वाटेवर बोललोसुद्धा नाही. आधीच कुणीतरी ठेवलेलं शोधायला दोघांची काय गरज?

२०२५ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कची एक तरुणी साखरपुड्याच्या अंगठीसाठी स्वतः हिरा शोधायला मर्फ्रीजबरोला आली. तीन आठवडे खणत राहिली आणि अगदी शेवटच्या दिवशी तिला २.३० कॅरटचा पांढरा हिरा मिळाला. बातमी वाचताना मला तिच्या जोडीदाराचं कौतुक वाटलं. हिरा मिळेपर्यंत अंगठीसाठी थांबायला तो तयार होता.

आमच्या डब्यात लाल जास्पर आहे, थोडं अगेट आणि नखाएवढा एक जांभळा स्फटिक. बहिणीला फोटो पाठवला तर म्हणाली, "पुष्कराज नाही का ग? तुझ्या भावजींची गुरूची दशा चालू आहे."

या मार्चमध्ये माझा गुडघा दुखत होता, वाकवेना. म्हणून मी हौदावर बसले आणि तो पहिल्यांदाच शेतात गेला. दर दहा मिनिटांनी चिखलाचे बूट घेऊन परत येत होता, मुठीत काहीतरी धरून. "हे बघ. आणि हे?" गार होती, मग पुन्हा गार, मग काचेचा तुकडा. आठ वर्षं मी त्याच्याकडे अशीच खडे दाखवायला येत होते. मी चाळण खाली ठेवली आणि प्रत्येक खडा उन्हात धरून नीट पाहिला.