गावात बागप्रेमी मंडळ कसं चालवावं (पाण्याचा विषय सोडून)

तर तुम्हाला तुमच्या गावात बागप्रेमी मंडळ काढायचंय. काढा, काढाच. मी तीन वर्षांपासून आमच्या मंडळाची कोषाध्यक्ष आहे, म्हणजे पावती पुस्तक माझ्या पर्समध्ये आणि पैसे अध्यक्षांच्या खिशात, त्यामुळे चार अनुभवाच्या गोष्टी सांगायचा हक्क मला आहे. आणि यंदा ५ जूनला जे झालं त्यानंतर तर चार काय चाळीस सांगते. बसा कूलरसमोर निवांत.

आधी पदं वाटून घ्या. अध्यक्ष, कार्याध्यक्ष, दोन उपाध्यक्ष, सचिव, सहसचिव, प्रसिद्धीप्रमुख, मार्गदर्शक, मग ज्येष्ठ मार्गदर्शक. आमचं मंडळ २३ जणांचं. बिनपदाचे फक्त दोघं, आणि खड्डे त्याच दोघांनी खोदले.

तारीख ५ जूनच ठेवा. आपल्याकडे पाऊस यायला जूनचा दुसरा-तिसरा आठवडा होतो, मृग लागतो ७-८ जूनला आणि लागला म्हणजे बरसलाच असंही नाही, हे तुमच्या आजीलाही माहीत होतं, पण आजीला पर्यावरण दिन कुठं माहीत होता. म्हणून आपण रोहिणीच्या उन्हात, जिच्या भेगेत चप्पल अडकते त्या काळ्या मातीत कोवळं रोप लावायचं आणि टाळ्या वाजवायच्या. शाळेमागच्या जागेत लावलं तर आणखी उत्तम, कारण विदर्भातल्या शाळा उघडतात जून संपता संपता, तोवर तीन आठवडे तिथं कुत्रंही फिरकत नाही, झाडाला मरायला एकदम शांत वातावरण मिळते. १ जुलैला कृषी दिन असतो, वसंतराव नाईकांची जयंती, आमच्याच जिल्ह्यातले, पुसदजवळच्या गहुलीचे. वनमहोत्सवही जुलैच्या पहिल्या आठवड्यातच, १९५० पासून, तेव्हाचे केंद्रीय कृषिमंत्री क. मा. मुन्शी यांनी सुरू केला तेव्हापासून. तेव्हा जमीन भिजलेली असते, रोप आपसूक धरते. पण जुलैत चिखल असतो ना बाप्पा, पाहुण्यांचे बूट खराब होतात.

खड्डा एप्रिल-मेमध्येच दोन फूट खोदून ठेवावा, त्याला ऊन खाऊ द्यावं, मग शेणखत आणि थोडी रेती-मुरूम मिसळून भरावा, नाहीतर काळी माती पावसात पाणी धरून बसते आणि मुळं सडतात, हे असले फालतू सल्ले देणारी माझ्यासारखी बाई प्रत्येक मीटिंगमध्ये एक तरी असते. तिला म्हणायचं, "वहिनी, टेन्शन कायले घेता, होऊन जाते ना." आणि आदल्या रात्री वीतभर उकरायचं. मागच्या वर्षीचा खड्डा असेल तर तेही नको.

झाडं कोणती? कडुनिंब, करंज, पळस, मोह, कवठ, चिंच, आवळा, हे चुकूनही नाही. ते इथलंच आहे, फुकट उगवते, त्याची काय किंमत. ग्रामपंचायतीसमोरच्या निंबाखाली जून-जुलैत निंबोळ्यांचा सडा पडतो, ताज्या ताज्या पेरल्या तर पटापट उगवतात, वाळवून ठेवल्या की थोड्याच दिवसांत वाया जातात. आम्ही त्या सड्यावरून चालत जाऊन गाडीत बसलो आणि यवतमाळवरून ऐंशी रुपयाला एक अशी रोपं आणली. त्यात गुलमोहर, म्हणजे मूळचा मादागास्करचा. उभा अशोक, जो खरा अशोक नाहीच, खरा सीतेचा अशोक वेगळा. आणि कोनोकार्पस, ते परदेशी शोभेचं झाड, ज्याच्यावर गुजरातने २०२३ मध्ये बंदी घातली. मी हे ग्रुपवर टाकलं तर प्रसिद्धीप्रमुखांनी अंगठा दाखवला आणि खाली गुड मॉर्निंगचा गुलाब टाकला.

फ्लेक्स झाडापेक्षा मोठा पाहिजे, आणि तो झाडालाच खिळे मारून लावायचा.

परसबाग स्पर्धा घ्या. परीक्षक म्हणून अशा माणसाला बोलवा ज्याला मेथी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, यातला फरक बायकोला विचारावा लागतो.

हळदीकुंकवाला वाण म्हणून तुळस वाटा, प्लास्टिकच्या ग्लासात, खाली भोक न पाडता.

आता निधी. हा आपल्या मंडळाचा प्राणच. चंदा मागायला गेलं की लोक विचारतात कशासाठी, तर आधीच एक कारण ठरवून ठेवा. आमचं कारण तीन वर्षांपासून एकच आहे, पाइप. शाळेच्या बोअरपासून मागच्या बागेपर्यंत पाइप टाकायचा आणि एक नळ काढायचा, बस. पहिल्या वर्षी पाइपासाठी चंदा केला, सत्कार झाला. दुसऱ्या वर्षी पाइपासाठी आनंद मेळावा केला, आलुपोंगे विकले, त्यातून फ्लेक्स झाला आणि मंडळाचे टी-शर्ट झाले. म्हणजे कारण चांगलं टिकाऊ निवडा. झालं की संपलं, मग पुढच्या वर्षी काय सांगाल? २०१९ ला राज्यात ३३ कोटी झाडांचं टार्गेट आलं तेव्हापासून आमच्या अध्यक्षांना आकड्याचा नादच लागला. यंदाच्या फ्लेक्सवर १००१ झाडांचा संकल्प होता. लावली ४१, मी मोजली.

यंदा म्हटलं आपण काही नवीन करू, लोकांना नुसती पावती कायले फाडायची, हातात रोप देऊ. रोपविक्री. कल्पना माझी, म्हणून शिक्षाही मलाच. मार्चपासून तेलाची रिकामी पाकिटं जमवली, सोयाबीन तेलाची, एक लिटरवाली. आमच्या गल्लीतल्या सात घरांना सांगून ठेवलं होतं, फेकू नका. प्रत्येक पाकीट साबणाच्या पाण्यात दोनदा धुवायचं, कारण तेल राहिलं की मुंग्या लागतात आणि माती भिजत नाही. खाली दाभणाने चार भोकं. माती चाळून, शेणखत चाळून. कढीपत्ता, शेवगा, गवती चहा, जास्वंद, मोगरा. ६० रोपं. न्हाणीच्या भिंतीला साडी बांधून सावली केली, मोगऱ्याची फांदी लागत नव्हती तर तीन वेळा लावली. एप्रिल-मेमध्ये नळ येतो चार दिवसाआड, तर तांदळाचं धुणं, भाजीचं धुणं, सगळं गंजात जमा करून संध्याकाळी वाटीवाटीने घालायची. वाटीने, पाइपने नाही. पाइप नाही ना. घरचे म्हणत होते, पोट्टे लहान होते तेव्हा एवढं नाही केलं.

बरं. ५ जूनला सकाळी साडेआठला हातगाडीवर सगळी रोपं नेली. वीस रुपयाला एक अशा पाट्या लिहिल्या होत्या खडूने. तासभर जाऊन पोरींच्या रांगोळीकडे लक्ष दिलं आणि परत येऊन पाहते तर टेबल रिकामं! मला वाटलं विकली बाप्पा सगळी, देव पावला. तर नाही. १९ विकली होती. ११ पाहुण्यांच्या स्वागतासाठी काढून ठेवली, "बुके नको वहिनी, आपण रोप देऊ, पर्यावरणाचा संदेश जाते." आणि उरलेली ३० स्टेजच्या कडेनं सजावटीला ओळीने लावून टाकली, वर झिरमिळ्या सोडल्या. दोन बाया विचारायला आल्या, ताई कढीपत्ता आहे का, मी म्हटलं आहे ना, तो काय तिथं स्टेजवर, कार्यक्रम संपला की देते. कार्यक्रम संपेपर्यंत कोण थांबते हो त्या उन्हात?

पाहुणे साडेदहाचे, आले पाऊण वाजता. तोवर सुट्टीतली पोरं घरून उठवून आणलेली, कलश घेऊन रांगेत उभी, एक पोरगी चक्कर येऊन बसली तर तिला स्टेजमागे नेऊन ग्लुकोज पाजलं आणि तिच्या जागी दुसरी उभी केली. रांगेत फट दिसायला नको, फोटोत वाईट दिसते. आम्ही बाया सगळ्या हिरव्या साड्यांत, कारण ग्रुपवर तसा आदेश होता. मग ११ शाली, ११ नारळ, ११ रोपं. मग भाषणं, ऑक्सिजन, येणाऱ्या पिढ्या, तुमचं पाठ आहे. मग मुख्य पाहुण्यांनी झाड लावलं, पिशवीसकट. मी पुढे झाले, म्हटलं साहेब, पिशवी काढा ना आधी, मुळं कशी जातील बाहेर. तर सचिव माझ्या कानाशी, "वहिनी, फोटो होऊन जाऊ द्या." फोटो झाला. पिशवी आतच आहे. आजही आतच आहे, जाऊन उकरून पाहा.

आणि मग गाड्यांजवळ काय पाहिलं, तर ड्रायव्हर डिकी उघडून शाली आत ठेवून राहिला, नारळ आत ठेवून राहिला आणि रोप खाली, चाकाजवळ. मी म्हटलं भाऊ, हे राहिलं. तो बिचारा ओशाळून म्हणाला, "माती सांडते ना ताई, साहेब बोलतात." तो माझा मोगरा होता. तिसऱ्यांदा लावलेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले. मंडपवाला मंडप सोडून घेऊन गेला होता आणि स्टेज होतं तिथं रोपं तशीच, झिरमिळ्यांसकट आडवी, मध्ये नाश्त्याच्या द्रोण-प्लेटा. बकऱ्या होत्या तिथं. ३० मधल्या १७ च्या नुसत्या काड्या राहिल्या होत्या. पाहुण्यांची ७ खुर्च्यांच्या जागेवर. मी जेवढी जिवंत होती तेवढी, २०, पदरात आणि एका घमेल्यात घालून दोन खेपा करून घरी आणली. कोणी भेटलं नाही रस्त्यात. बरं झालं, कारण मी रडत होते आणि ५० वर्षांच्या बाईनं कढीपत्त्यासाठी रडणं काही बरं दिसत नाही.

हिशोब कसा ठेवावा, तेही शिकून घ्या. जमा: ६२ घरांचा चंदा शंभर प्रमाणे ६,२००, लकी ड्रॉची १५० कुपनं वीस प्रमाणे ३,०००, रोपविक्री ३८०. एकूण ९,५८०. खर्च: मंडप आणि साउंड ३,५००, शाल-श्रीफळ २,४२०, फ्लेक्स १,८००, नाश्ता १,५००, संकीर्ण ३६०. शिल्लक निरंक. नर्सरीच्या रोपांचे पैसे एका उपाध्यक्षांनी दिले, म्हणून फ्लेक्सवर त्यांचा फोटो झाडापेक्षा हिरवा. पाइप? पाइप पुढच्या वर्षी.

पाण्याचा विषय मीटिंगमध्ये काढू नका. काढणाऱ्याला लोक निगेटिव्ह म्हणतात.

मी काढला परवा. म्हटलं ती ४१ झाडं वाळून राहिली, रोज एक ड्रम पाणी तरी बैलगाडीवर टाकू, शाळा उघडेपर्यंत, किंवा प्रत्येक झाडाजवळ जुना माठ पुरू, खाली भोक पाडून चिंधीची वात घालू, झिरपत राहते हळूहळू, माझ्याकडेच दोन गळके माठ पडून आहेत, चार-चार घरांनी एकेक दिला तरी ४१ होतात. तर ज्येष्ठ मार्गदर्शक म्हणाले, "निसर्ग आपला सांभाळून घेते."

नाही घेत हो. नाही सांभाळून घेत. ४४ डिग्रीत वीतभर खड्ड्यात प्लास्टिकच्या पिशवीत कोंबलेलं झाड निसर्ग कसं सांभाळेल? आणि निसर्गानं लावलं होतं का ते, तुम्ही लावलं ना, शाल घेऊन? अरे तुमच्या घरी पाहुणा आला तर त्याला पाणी विचारता ना, का नुसता फोटो काढता? शेजारच्या जिल्ह्यातले गाडगेबाबा गावात आले की आधी हातात खराटा घेऊन गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन. तुम्ही कीर्तन तेवढं ठेवलं. ६२ घरांनी शंभर-शंभर दिले, त्यात ती म्हातारी आहे जी निराधारच्या पैशावर राहते, तिनं पदराची गाठ सोडून दिले माझ्या हातात, पाइपासाठी म्हणून दिले, मी पावती फाडली तिला, माझ्या सहीची. तिला काय सांगू मी? शाल झाली म्हणून सांगू? लाज वाटते मला त्या गल्लीतून जायला. तुम्हाला नाही वाटत, कारण तुमचं नाव पावतीवर नाही, फ्लेक्सवर आहे. उन्हात पोरगी चक्कर येऊन पडली त्याचं कोणाला काही नाही, तिच्या आईनं मला विचारलं, तुम्हाला नाही विचारलं. आणि ग्रुपवर टाकता, "यशस्वी आयोजनाबद्दल सर्वांचे आभार." कोणतं यश? बकऱ्यांचं झालं यश.

अध्यक्षांचा फोन आला काल, वहिनी, हिशोबाच्या कागदावर सही राहिली तुमची, पोट्ट्याला पाठवतो. पाठवा. मी सही करत नाही. आधी ते संकीर्ण ३६० काय आहे ते लिहून पाठवा, आणि माझं एक घमेलं आणि खडूची पेटी स्टेजमागे राहिली, तीही पाठवा.