मानेचा डॉपलर पुरेसा नाही
सिकलसेल या आनुवंशिक रक्ताच्या आजारावरचा लेख वाचला. त्यात सिकलसेल म्हणजे अंगदुखी आणि रक्त कमी, एवढंच आलंय. एसएस पॅटर्नच्या (आई-वडील दोघांकडूनही सिकलसेलचं जनुक आलेल्या) काही मुलांमध्ये मेंदूच्या रक्तवाहिन्या अरुंद होतात, लहान वयात पक्षाघात होतो, आणि हे आधी ओळखता येतं, ते यायला हवं होतं.

तपासणी म्हणजे ट्रान्सक्रेनियल डॉपलर, म्हणजे कवटीतून रक्ताचा वेग मोजणारी सोनोग्राफी: वय २ ते १६, वर्षातून एकदा. अनेकदा चिठ्ठीवर नुसतं ‘डॉपलर’ लिहिलेलं असतं आणि मानेचा करून परत पाठवतात. त्याने काम भागत नाही. प्रोब कानशिलावर ठेवून कवटीच्या आतल्या वाहिन्यांमधला रक्ताचा वेग मोजायचा असतो. सेकंदाला १७० सेंमीच्या आत ठीक. १७० ते १९९ असेल तर काही महिन्यांत पुन्हा. २०० किंवा जास्त, तर धोका मोठा.

मूल जागं आणि शांत हवं. झोपेत रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढतो, वेग खोटा वाढतो. तापातही तेच. नुकतंच रक्त चढवलं असेल तर उलट कमी दिसतो.

२०० च्या वर गेलं की नियमित रक्त देऊन एचबीएस (सिकलसेलचं सदोष हिमोग्लोबिन) ३० टक्क्यांखाली ठेवतात. रक्त नियमित मिळणं अवघड असेल तिथे हायड्रॉक्सीयुरिया हे औषध, पण सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) तपासत, डॉक्टरांच्याच देखरेखीखाली. मनाने बंद करू नका.

तोंड वाकडं, एक हात लुळा, बोलणं अडखळतंय? मग दुखत नसलं तरी थेट सीटी स्कॅन आणि रक्तपेढी असलेलं रुग्णालय गाठा.