पासिंगपुरती गाडी

गाडीला पंधरा वर्षं झाली म्हणून घाबरून जाऊ नका. आज सकाळी ती एकदम निकामी झालेली नाही. ती सात-आठ वर्षांपूर्वीच झाली होती, आरसीला, म्हणजे नोंदणीच्या कागदाला, ते आत्ता कळलंय एवढंच.

तुमची सँट्रो किंवा वॅगनआर २०१० च्या आधीची असेल आणि आरसीवरची तारीख उलटून गेली असेल, तर आणखी थोडे दिवस जाऊ द्या. मुदत संपायच्या साठ दिवस आधीपासून नोंदणीच्या नूतनीकरणाचा अर्ज करता येतो खरा, पण ती सोय वीजबिल पहिल्याच दिवशी भरणाऱ्या लोकांसाठी आहे. उशिराचा दंड मोटारीला महिन्याला अवघा ५०० रुपये. नूतनीकरणाची ६०० रुपयांची फी एप्रिल २०२२ पासून ५,००० झाली आणि वीस वर्षांपुढच्या मोटारींना २०२५ मध्ये थेट १०,००० चा आकडा लागला. वर पर्यावरण कर आहेच. तेव्हा जितका उशीर कराल तितकी सरकारी तिजोरी भरेल. देशासाठी आपण एरवी तरी काय करतो?

आता मुख्य मुद्दा. गाडी दुरुस्त करायची नाही, पासिंगपुरती, म्हणजे नूतनीकरणाआधीच्या आरटीओच्या तपासणीत पास होण्यापुरती करायची. गॅरेजवाल्याला ‘पासिंगला न्यायचीय’ एवढंच सांगा, पुढचं त्याला कळतं. चुकून ‘जरा नीट बघून घ्या’ म्हणालात तर तो खरंच बघेल. मग बुश गेलेत, लिंक रॉड वाजतोय, रॅकमध्ये प्ले आहे, असं बरंच काही ऐकून घ्यावं लागेल. पूर्वी शाळेत तपासणीला डेप्युटी यायचे त्या दिवशी फळा धुतलेला असायचा, भिंतीवर नवे तक्ते असायचे आणि वर्गातली दांडगी पोरं गुरुजींनी शेतावर पाठवलेली असायची. पासिंगची तयारी त्याच धर्तीवर करायची.

सुरुवात टायरपासून. नवे घेण्याच्या फंदात पडू नका, उसने घ्या. सोसायटीत तुमच्याच मॉडेलची, जरा बऱ्या टायरांची गाडी असतेच. तिच्या मालकाशी गणपतीपासूनच गोड बोलायला लागा. नियमाप्रमाणे मोटारीच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल हवी. खाचांच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे मुद्दाम ठेवलेले असतात; नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर संपला. पण ते बघायला वाकावं लागतं आणि वाकणारा माणूस रोज भेटत नाही. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात. ‘३२१४’ असेल तर टायर २०१४ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यात जन्मला. ही जन्मतारीख बहुतेक टायरांवर एकाच बाजूला असते, तेव्हा ती बाजू आत जाईल असा बसवून घ्या. भेगांवर टायर पॉलिश मारा. काळं कुळकुळीत दिसलं की वय कोण विचारतो?

हेडलाइटच्या काचा पिवळ्या पडल्या असतील. मुळात त्या काचा नसतातच, ते प्लॅस्टिक असतं आणि उन्हाने धुरकटतं. त्यावर टूथपेस्ट घासा. खरंच चकाकतं, काही आठवडे टिकतंसुद्धा. डिपरचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातोय की रस्त्यावर, ही काळजी समोरच्याने करावी.

ब्रेक ऑइलला मात्र हात लावू नका. दर दोन वर्षांनी बदला म्हणतात, पण तुमच्या गाडीत कंपनीने भरलेलं ओरिजिनल आहे, ते का टाकायचं? हे ऑइल हवेतलं पाणी शोषत राहतं. डॉट-३ जातीचं कोरं ऑइल निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलं की हा आकडा १४० पर्यंत खाली येऊ शकतो. म्हणजे भरल्या गाडीने, तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये, ब्रेक ओढत घाट उतरलात की ते पाइपमध्ये उकळतं, वाफ होते आणि पेडल पायाखाली मऊ होत फ्लोअरला टेकतं. पण काळजीचं कारण नाही. तपासणीचं आवार सपाट असतं, खंबाटकी तिथून लांब आहे. उच्च न्यायालयाच्या आदेशामुळे ट्रक-टॅक्सीवाल्यांना २५० मीटरच्या ट्रॅकवर ब्रेक लावून दाखवावा लागतो, बिचारे! तुम्ही दहाच्या स्पीडला ब्रेक लावा. गाडी थांबते. दहाच्या स्पीडला ती तशीही थांबतेच.

हँडब्रेक वर ओढल्यावर खांद्यापर्यंत येत असेल तर केबल दोन आटे कसून घ्या. दुसऱ्या दिवसापासून चाकामागचा दगड आहेच.

गंजाबद्दल काही कोकणवासीयांना मी शिकवावं असं नाही. दाराच्या खालच्या कडेला पाणी निथळायला भोकं असतात, ती मातीने बुजलेली तशीच राहू द्या. पत्रा आतून निवांत सडतो आणि बाहेरून समजत नाही. फ्लोअरला भोक पडलं असेल तर एम-सील, वर काळा रंग, वर मॅट. सगळ्यात वर जड माणूस बसवू नका.

पीयूसी, म्हणजे धुराची तपासणी, ही एक कला आहे. पेट्रोल गाडी बीएस-३ या प्रदूषणाच्या जुन्या निकषाची असेल तर धुरात कार्बन मोनॉक्साइड ०.५ टक्क्यांच्या आत लागतो. सायलेन्सरच्या वाटेवरचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर चांगला तापल्याशिवाय काम करत नाही, त्यामुळे आधी दहा-पंधरा किलोमीटर चालवून मग पंपावर जा. (हा सल्ला चुकून खरा निघाला, माफ करा.) त्याने भागलं नाही तर नळी सायलेन्सरमध्ये जेमतेम टोचायला सांगा, म्हणजे बाहेरची हवा मिसळून आकडा सोवळा होतो. प्लग, एअर फिल्टर, सेन्सर यांवर खर्च करणारे लोकही असतात. त्यांना शौक असतो.

पासिंगच्या आदल्या रात्री काचांच्या काळ्या फिल्म काढा. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच बंदी घातली आहे, तेव्हा एक दिवस मान ठेवायला हरकत नाही. पुढचा लोखंडी गार्डही उतरवा. ८०५५ चं ‘बॉस’ लिहिलेली प्लेट आईने दृष्ट काढलेल्या वस्तूंसारखी जपून ठेवा आणि तिच्या जागी ७४५ रुपये अधिक जीएसटीवाली एचएसआरपी, म्हणजे सरकारमान्य सुरक्षा नंबरप्लेट, लावा.

मग एजंट. तो तुमच्याकडे न बघता ‘साहेब, टेन्शन घेऊ नका’ म्हणेल आणि बॉनेटखाली डोकं घालेल. चेसिस नंबरवर पंधरा वर्षांची धूळ आणि तेल बसलेलं असतं. तो थुंकी लावलेल्या फडक्याने ते पुसतो, वर पारदर्शक टेप चिकटवतो आणि पेन्सिल आडवी धरून घासत जातो. एकेक अक्षर वर येतं. टेप सोलून फॉर्मवर डकवली की झालं. तुमच्या गाडीत अजून जसंच्या तसं काय शिल्लक आहे, ते त्या दोन इंचांत मावतं.

आरटीओचे साहेब गाडीभोवती फेरी मारतील. हॉर्न वाजवा, इंडिकेटर दाखवा, वायपर चालवा. वायपर कोरड्या काचेवर किंचाळला तर ‘पावसात आवाज येत नाही’ म्हणा. मागचा ब्रेक लाइट लागतोय का हे बघायला तुम्ही कधीच उतरला नसाल, त्यामुळे आज पहिल्यांदा तुम्हालाही कळेल.

पास झालात की पुढची पाच वर्षं निश्चिंती. पण घरी जाण्याआधी थांबा, टायर अजून परत करायचे नाहीत. सावलीत गाडी उभी करा, चारी बाजूंनी फोटो काढा आणि संध्याकाळपर्यंत जाहिरात टाका: ‘फर्स्ट ओनर, डॉक्टरची गाडी, टायर नव्यासारखे, आत्ताच पासिंग झालंय, एक रुपयाचं काम नाही. खरे ग्राहकच फोन करा. घाटातली ट्रायल मिळणार नाही.’